कुत्र्याच्या फोटोखाली मी

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे, पण भिंतीवरचा नाही आणि अल्बममधलाही नाही. केशवकाकांच्या कॉम्प्युटरमधल्या एका फाईलमध्ये मी राहतो. माझ्या अंगावर तात्यासाहेबांचा फोटो आहे आणि तात्यासाहेबांच्या अंगावर एका कुत्र्याचा. त्यामुळे फाईल उघडली की कुत्रा दिसतो. मी कुणाला दिसून कितीतरी वर्षं झाली.

माझा जन्म पाचोडच्या आठवडी बाजारातला. कडूबा नावाचा एक धनगर रोजगार हमीच्या कार्डासाठी फोटो काढायला आला होता. फोटोवाला म्हणाला, "हसू नका, सरकारी काम आहे." झालं! कडूबाला जास्तच हसू यायला लागलं. तो ते दाबून ठेवत होता तेवढ्यात फोटोवाल्याने बटण दाबलं. कडूबाने आयुष्यात काढलेला तो एकच फोटो.

मग दुष्काळ पडला. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं, गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलं. मेंढरांना चारा कुठून आणायचा? कडूबाने मेंढरं विकली आणि कामासाठी शहर गाठलं. बीड बायपासच्या बाजूला तेव्हा इमारतींमागून इमारती उठत होत्या. तिथे विटा वाहायचं काम त्याला मिळालं. सुरुवातीला त्याचा गावी फोन यायचा. पुढे तो बंद झाला, आणि कडूबा कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना.

त्याची बायको कस्तुराबाई तान्ह्या प्रांजलीला कडेवर घेऊन शहरात आली. एकेका इमारतीखाली उभी राहून ती विचारायची, पण सगळीकडून एकच उत्तर, "असं कुणी नाय इथं." शेवटी कुणीतरी तिला कचेरीजवळच्या केशवकाकांच्या टायपिंगच्या दुकानात पाठवलं. काकांनी कार्डावरून काढलेला तो कागदी फोटो स्कॅनच्या मशीनखाली ठेवला आणि मी कॉम्प्युटरमध्ये आलो. 'हरवले आहेत' अशी मोठी अक्षरं, भोवती काळी चौकट आणि मधोमध मी! काय सांगू मित्रांनो, त्या दिवशी माझा मान काही वेगळाच होता.

कस्तुराबाईने पडद्याला हात लावला आणि म्हणाली, "हेच हायत बघा. जशेच्या तशे."

काकांचेही डोळे भरून आले. "मावशी, काळजी करू नका, सापडतील," असं ते म्हणाले आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. खांबांवर, बसस्टँडवर, हर्सूलच्या नाक्यावर मी लागलो. लोकांनी मला वाचलं आणि पुढे गेले. कुणाचाही फोन आला नाही.

इकडे कागदावरच्या फोटोचे फार हाल झाले. कस्तुराबाईने तो कमरेच्या पिशवीत ठेवला होता. जो भेटेल त्याला ती दाखवायची, आणि प्रत्येक जण तोंडावरच अंगठा ठेवून तो धरायचा. घाम लागला, पाऊस लागला. होता होता चेहरा पुसून गेला आणि नुसता पांढरा कागद उरला. कडूबाचं तोंड आता जगात एकट्या माझ्याकडे होतं, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुढे तात्यासाहेब नावाचे एक विसरभोळे आजोबा फिरायला गेले ते घरी आलेच नाहीत. त्यांचा मुलगा घाईघाईने दुकानात आला. चौकट तयार आहे म्हणून काकांनी माझीच फाईल उघडली. पहिल्यांदा मला काढून टाकून बघितलं, तर सगळा मजकूर उडी मारून दुसऱ्या पानावर गेला. "च्यायला, हे काय झालं!" म्हणत त्यांनी मला परत आणलं. मग तात्यासाहेबांचा फोटो बरोबर माझ्यावर बसवला आणि 'सर्वांत पुढे' असा हुकूम दिला. मजकूर जागचा हलला नाही. काका भलतेच खूश झाले आणि पुढे सगळ्याच फाईलींना ते हीच युक्ती करू लागले. खाली कोण आहे, हे विसरायला त्यांना फार दिवस लागले नाहीत. तात्यासाहेब मात्र हर्सूलच्या तळ्याकाठी सुखरूप सापडले.

पुन्हा दुष्काळ आला. शहरात नळाला आठवड्याने पाणी येऊ लागलं आणि तरी नव्या कॉलन्या वाढतच होत्या. अशाच एका कॉलनीतल्या चारुताताईंचा ब्रूनो हरवला. त्या रडत आल्या. काकांनी तीच फाईल उघडली, नावंगावं बदलली आणि तात्यासाहेबांवर ब्रूनो बसवला. रंगीत, जीभ बाहेर काढलेला. दोन रस्ते सोडून एका चहाच्या टपरीवर तो बिस्किटं खात बसलेला सापडला. मला त्याचा राग नाही, मित्रांनो. कुत्रं बिचारं काय करणार! पण माझं कपाळच फुटकं. वरचे सगळे आपापल्या घरी पोचले आणि मी तळाशी राहिलो.

दुकानाच्या पाटीवर शहराच्या जुन्या नावावर नव्या नावाची पट्टी चिकटवली गेली. काकांना जाड भिंगाचा चष्मा लागला. मी एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये गेलो, तिघांच्या त्याच चळतीसकट.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात कस्तुराबाई परत आली. केस पिकलेले. सोबत प्रांजली, आईपेक्षाही उंच झालेली.

"दादा, आम्हाला फकस्त त्यांचा एक फोटो पायजे," कस्तुराबाई म्हणाली. "तुमच्या मशिनीत असंल बघा. पोरगी इचारती, माझा बा कसा दिसायचा. काय सांगू हिला? मलाच आता त्यांचं तोंड नीट आठवंना."

मी आतून ओरडत होतो. इथे आहे मी, इथे! पण फोटोला आवाज कुठला?

काकांनी मनापासून शोधलं. नावाने शोधलं, गावाने शोधलं. शेवटी 'हरवले आहेत' म्हणून माझीच फाईल उघडली आणि पडद्यावर ब्रूनो आला.

"हे तर कुत्रं हाय," कस्तुराबाई म्हणाली. तिने पदर डोळ्यांना लावला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. काका तिच्यासाठी माठातलं पाणी घ्यायला उठले.

प्रांजली शाळेत कॉम्प्युटर शिकली होती. तिने माऊस धरला आणि कुत्र्याला बाजूला ओढलं. खाली तात्यासाहेब! मग तिने तात्यासाहेबांनाही जरासं सरकवलं. मित्रांनो, कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला. एक कान आणि फेट्याचा काठ, एवढाच मी बाहेर आलो होतो. ती वाकून बघत होती. तिच्या बापाचा कान तिच्यासमोर होता, पण बापाला तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"काका, ह्याच्याखाली अजून कुणीतरी हाय."

काका वळले. त्यांना कुत्र्याखालचे तात्यासाहेब दिसले आणि इकडेतिकडे पांगलेला मजकूर दिसला. "अगं अगं, सेटिंग बिघडेल! ते तात्यासाहेब गं. सापडले ते."

"सापडले? बरं झालं," प्रांजली म्हणाली आणि तिने माऊस सोडून दिला. तिला वाटलं, खालचा कानही त्याच म्हाताऱ्याच्या दुसऱ्या फोटोतला. शहाणी पोर, परक्याच्या वस्तूला जास्त हात कशाला लावेल?

काकांनी सगळं पहिल्यासारखं केलं. तात्यासाहेब माझ्यावर आले, कुत्रा तात्यासाहेबांवर आला. बाहेरून आवाज आला, "काय गं, घावलं का?"

"नाय आई. कुत्रं हाय आन् खाली एक म्हातारबाबा. ते बी घरी गेले म्हणं."

"चल मग. गाडी जाईल," कस्तुराबाई म्हणाली.

त्या दोघी गेल्या आणि आता पुन्हा येणार नाहीत. कशाला येतील?

मित्रांनो, तुमच्याकडे कुणाचा एकुलता एक फोटो असेल, तर घाईत त्याच्यावर दुसरा ठेवू नका. नवीन पान घ्या. आणि कुणी म्हणालं, खाली अजून कुणीतरी आहे, तर त्याला थांबवू नका, पूर्ण सरकवू द्या. आणखी बोटभर सरकवलं असतं, तर त्या पोरीला तिचा बाप दिसला असता.