दोरीचं दुसरं टोक

थोरल्याने तळहात ओला केला आणि धाकट्या भावाची चौथऱ्यावरची खडूची रेघ पुसायला घेतली.

"दादा, हात लावू नकोस. दिवसभर उन्हात उभं राहून काढलीय ती."

"म्हणूनच पुसतोय. उन्हाने डोकं तापलं की माणूस काहीही आखतो."

धाकट्याने त्याचं मनगट धरलं. तोवर रेघेचा पलीकडचा अर्धा भाग गेला होता. अलीकडचा उरला, आणि तेवढाही थोरल्याच्या डोळ्यांत खुपत होता.

न्यायालयाच्या आवारातलं हे सूर्यघड्याळ त्यांच्या वडिलांनी बत्तीस वर्षांपूर्वी घडवलं होतं. कंबरेइतका उंच दगडी चौथरा, त्यावर पितळी तबकडी, तिच्यावर सावली पाडणारा तिरका पितळी काटा, सगळं शिसं ओतून पक्कं केलेलं. सूर्य वर्षभर कधी घड्याळाच्या पुढे असतो, कधी मागे. त्याचा तक्ता असतो. पण तक्त्यातला फरक वजा करूनही दुपारी अकरा मिनिटांची चूक शिल्लक राही, हिवाळ्यात त्याहून जास्त. उद्घाटनालाच न्यायाधीशांच्या मनगटी घड्याळाने ही चुगली केली होती. पुढे न्यायालयाचं कामच कधी वेळेवर सुरू झालं नाही, त्यामुळे अकरा मिनिटांवाचून कुणाचं अडलं नाही.

वडिलांनी मात्र त्या दिवशी घरी येऊन एकच विचारलं होतं, "रेघ आखताना दोरी कुणी धरली होती?"

धरली होती धाकट्याने. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याच्या हाती छिन्नी दिली गेली नाही. नाइलाजाने तो शिकला आणि गणिताचा प्राध्यापक झाला. थोरल्याने वडिलांचा दगडकामाचा कारखाना सांभाळला. गेली बारा वर्षं दोघे एकमेकांशी बायकांमार्फत बोलत होते. आता आवाराच्या समितीला इथे विजेचं घड्याळ हवं होतं, आणि जुनं तपासायला तिने नेमकं धाकट्याला धाडलं होतं.

"पाच अंश तिरकं बसलंय," धाकटा म्हणाला. "काठी रोवली, भोवती वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला कुठे शिवलं, दुपारनंतर कुठे शिवलं, त्याच्या बरोबर मध्ये उत्तर दिशा. यात माझं काही नाही. सूर्याचं आहे."

"सूर्याला साक्षीला आणलंयस. उलटतपासणी कोण घेणार?"

धाकट्याने अहवालाचा कागद त्याच्यापुढे धरला. 'दोष' भरला होता. 'कारण' रिकामं होतं.

"कारण सापडलं तर उचलून नीट बसवता येईल. नाही तर सोमवारी पहारी घेऊन उखडायला येतील. काय लिहू? दोरी धरणाऱ्याचा हात हलला? बत्तीस वर्षं ऐकतोय, एकदा सहीनिशी लिहूनच टाकतो."

"लिही की. हलला होताच. आणि बाबांची रेघ तसूभर चुकलेली नाही, हेही लिही."

दोन्ही गोष्टी तो एका दमात म्हणू शकत असे. सराव मोठा होता.

त्याने खिशातून वडिलांचं होकायंत्र काढलं. तबकडी बसवण्याआधी वडिलांनी दगडावर ओढलेली उत्तरेची रेघ अजून तिच्या कडेबाहेर दिसत होती. तिच्या टोकाशी त्याने होकायंत्र ठेवलं आणि पाय फाकून, हातोडा कमरेला खोचलेला, तसा वाकला. तेव्हाही असाच वाकला होता. बाबांची नजर अधू झालेली, म्हणून सुई वाचायची थोरल्याने, दोरीचं दुसरं टोक धाकट्याकडे, आणि दोरीलगत ओरखडा ओढत बाबा.

सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला नेहमीचा किंचित फरक धरून त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"ये, बघ! रेघेवर आहे. केसाचा फरक नाही, प्राध्यापकसाहेब."

धाकट्याने चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे दोरी ताठ होती."

"काय?"

"सुई तू वाचलीस. तू सांगितलंस तिथे मी दोरी धरली. रेघ अजून सुईवर आहे, म्हणजे दोरी हलली नव्हती." त्याने हातावरचा खडू झटकला. "हात धुऊन येतो. कारण तूच शोध."

होकायंत्रच सरकलं असेल, असं म्हणत थोरल्याने गुडघे टेकले. हातोड्याचा दांडा पोटात रुतला. त्याने तो उपसून मागे जमिनीवर सरकवला.

सुई हलली. न विचारता जबाब फिरवणाऱ्या साक्षीदारासारखी ती सावकाश बाबांच्या रेघेवरून उठली आणि खडूच्या उरलेल्या रेघेवर जाऊन थांबली.

त्याने हातोडा जवळ आणला. सुई परत आली. लांब नेला. सुई गेली. असं त्याने तीनदा केलं. चौथ्यांदा हातच उचलला नाही.

"मिस्त्री, आवरा!" फाटकावरून शिपाई ओरडला. "साडेपाचला कुलूप लागतं!"

एरवी 'कुठल्या घड्याळाने?' असं त्याने विचारलं असतं. नळ बंद झाल्याचा आवाज आला. धाकटा यायच्या आत हातोडा परत कमरेला खोचता आला असता. हात तिकडे गेलाही, आणि दांड्यावर तसाच राहिला.

धाकटा आला, पेनाचं टोपण काढून उभा राहिला.

"काय मग? दोरीच ना?"

"दोरी नको लिहूस."

"मग?"

"लोखंड जवळ होतं, लिही."

"कुठलं लोखंड? इथे सगळा दगड आणि पितळ."

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताखालच्या हातोड्याकडे, मग सुईकडे. पेनाचं टोपण त्याने लावलं, पुन्हा काढलं.

"बाबांना माहीत होतं?"

"मलाच आत्ता कळतंय."

"आत्ता," धाकटा म्हणाला. पुढे बरंच काही येईल असं वाटत होतं. "आधी तो हातोडा इथून हलव."

थोरला उठला. हातोडा फाटकापर्यंत नेऊन त्याने शिपायाच्या हाती दिला. परतताना पिशवीतून दोरी काढली, तिचं एक टोक होकायंत्राशेजारी ठेवलं आणि दुसरं घेऊन चौथऱ्याच्या पलीकडे, बत्तीस वर्षांपूर्वी धाकटा उभा होता तिथे जाऊन उभा राहिला.

"वाच," तो म्हणाला. "सांगशील तिथे धरतो."

धाकटा सुईवर वाकला.

"सैल सोडू नकोस," त्याने बजावलं.