एक गंज उकळतं, दोन गंज विहिरीचं

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: अल्लीपूरच्या मनकर्णाबाईंचं अंगण, १९७८ चा मे महिना आणि गोणपाटावर पसरलेले साठेक हिरवे आंबे. दिसायला अगदी निरोगी. पण माच घातला, म्हणजे गवतात पिकायला ठेवले, की आठ दिवसांत त्यांच्यावर काळे डाग पडतात नि ते सडतात. गेल्या वर्षी तसंच झालं. रसाच्या पंगतीला आलेले आर्वीचे व्याही वरणावर जेवून गेले. जाताना म्हणाले, "रस नाई तं नाई, वास तं भेटला." ते मनकर्णाबाईंना वर्षभर टोचत होतं. यंदा व्याही पुन्हा येणार होते.

ग्रामसेवक प्रेमदास यांनी चावडीवर उपाय दाखवला होता. डाग पाडणारी बुरशी आंबा झाडावर असतानाच सालीत शिरून बसते. बावन्न अंश गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवलं की ती मरते नि आंबा शाबूत राहतो. मात्र तापमापी ते परत घेऊन गेले होते.

मनकर्णाबाईंनी हात बुडवून अंदाज घेतला आणि पाच आंबे सोडले. जन्मभर चुलीपुढे रापलेला तो हात. त्याला सोसलं ते आंब्यांना सोसलं नाही. साली भाजून तपकिरी झाल्या. बाकीचे तसेच माचात घालायला त्या उठल्या.

सातवीतली त्यांची लेक भागीरथा, तिनं आईला थांबवलं. उकळतं पाणी शंभर अंश. विहिरीचं अठ्ठावीस, हे तिनं चावडीवर तापमापीत पाहिलं होतं. एक गंज, म्हणजे पातेलंभर, उकळतं, दोन गंज विहिरीचं, मिळून एकशे छप्पन्न. भागिले तीन, बावन्न.

"पाण्याचाबी भागाकार करतं काय व पोरी?" असं म्हणत आईनं मोठा गंज चुलीवर चढवला. दर खेपेला नवं पाणी, दहा-दहा आंबे आणि सावकाश तीनशेपर्यंत मोजणी.

आठव्या दिवशी माच उघडला. तीनच आंबे सडके निघाले. व्याह्यांनी तिसरी वाटी मागून घेतली. मनकर्णाबाईंनी ती काठोकाठ भरली.

"साधलं ना, आता बस झालं," वडील रूपराव म्हणाले.

भागीरथाचं समाधान झालं नव्हतं. "पाण्यानं साधलं, का यंदा आंबेच चांगले होते? कसं समजन, बाबा?"

झाडाच्या शेंड्याला अजून बारा आंबे होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं ते उतरवून घेतले. सहा गरम पाण्यातून काढले, सहा तसेच ठेवले आणि दोन टोपल्यांत दोन वेगळे माच घातले.