एका दगडापायी गेलेला दरवाजा

मी एक जुना, पडका डोंगरी किल्ला आहे, मित्रांनो. बंगळूरच्या बाहेर, बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे. पाचशे वर्षांपूर्वी इथल्या एका पाळेगारानं, म्हणजे लहानशा राजानं, मला बांधलं. माझा चढ इतका उभा, की शत्रूचा हत्ती अर्ध्या वाटेत दमून बसला आणि तिथंच टेकडी झाला. हसता काय? सोंड अजून दिसते! पाहुणे मला बघून तोंडात बोट घालत. मग राज्य गेलं, तोफा गेल्या, तट ढासळला. शेळ्यांनी तेवढी साथ सोडली नाही. धड उरली ती एकटी दरवाज्याची कमान.

सन १९९४च्या दिवाळीआधी शहरातल्या बनशंकरी भागातून एक मराठी कुटुंब स्कूटरवर आलं. कारखान्यात इंजिनिअर असलेले वासुदेव, त्यांची बायको उल्का आणि लेक मुग्धा. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचा, ही त्यांची पुण्याची रीत. यंदा वासुदेवांना त्यात खऱ्या किल्ल्याचा दगड हवा होता. खाली ढीगभर दगड लोळत होते. पण त्यांना आवडला तो कमान जिथून वळते तिथला, पाचरीसारखा.

"अहो, पडलेला घ्या ना एखादा!" उल्का म्हणाली.

"पडलेला कुणीही आणेल. हा बघ, स्वल्प हललाच!" वासुदेव म्हणाले. 'थोडासा'साठी त्यांच्या तोंडी कानडी शब्दच बसला होता.

"घरातला गळका नळ दुरुस्त होत नाही, आणि निघाले किल्ला खोलायला!"

मुग्धा नेमकी कमानीखाली बसून पिशवीत लाल माती भरत होती. मी ओरडलो. दगडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? म्हणून तिच्या केसांवर चिमूटभर चुना सांडला. तिनं तो झटकला आणि पुन्हा माती भरू लागली.

वासुदेवांनी जोर लावला. दगड निघाला. माझ्या छातीत कर्रकन आवाज झाला.

उल्कानं वर पाहिलं. "मुगू, ऊठ!"

पिशवीचा बंद मुलीच्या पायात अडकला. मित्रांनो, तोफांपुढेही धरला नव्हता एवढा दम मी तेव्हा धरला. दगडाला दगड आवळून उभा राहिलो. उल्कानं धावत येऊन लेकीला काखेत धरून ओढलं, वासुदेव मागे उडाले, आणि माझा दम सुटला.

धूळ बसली तेव्हा दरवाजा नव्हता. मुग्धा आईला बिलगली होती. वासुदेवांच्या हातात तो दगड तसाच होता.

"न्या की," उल्का म्हणाली. "हवा होता ना?"

त्यांनी तो ढिगावर हळूच ठेवला, जणू मला लागेल.

मित्रांनो, पडलं ते पडलं. जे उभं आहे, त्याला मात्र हात लावू नका. कोणता दगड कुणाला धरून आहे, ते बाहेरून दिसत नाही. आणि मला भेटायला जरूर या. कुठूनही या. अडवायला आता दरवाजा उरलेला नाही.