एकतीस बेवारस

आपल्या शहरात आशियाई माणसं का येत नाहीत, हे शोधून काढायला नगरपालिकेनं शिकागोहून तज्ज्ञ मागवले. तज्ज्ञांनी आठ महिने घेतले आणि सांगितलं की इथली थंडी फार आहे आणि विमानं कमी येतात. शिकागोत जणू लिचीच्या बागाच आहेत! आता हा अहवाल गुरुवारच्या सभेत वाचायचा होता, आणि सभेला एखादा तरी आशियाई चेहरा हवा होता. म्हणून कपडे धुण्याचं दुकान चालवणाऱ्या यूक-लिन ली या बासष्ट वर्षांच्या बाईंना पत्र आलं. दोन शब्द बोला, आणि जमलं तर थोडे स्प्रिंग रोल घेऊन या.

पत्र सोमवारी आलं. आदल्याच दिवशी, रविवारी, ती वडिलांच्या थडग्यावर जाऊन आली होती. छिंग मिंगचे दिवस होते, पूर्वजांची थडगी झाडायचे. संत्री, उकडलेली कोंबडी आणि दारूचे पेले घेऊन ती कब्रस्तानाच्या मागच्या कोपऱ्यात गेली, तर वडिलांच्या डोक्याशी पिवळं निशाण रोवलेलं. शेजारी दुसरं, त्याच्या पलीकडे तिसरं. चिनी माणसांच्या एकतीसच्या एकतीस थडग्यांवर निशाणं होती. निशाणाच्या चिठ्ठीवर कारण होतं: विमानतळाचा रस्ता रुंद करायचा होता, बाहेरून येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. थडगी बेवारस ठरली होती. हाडं काढून एकाच खड्ड्यात पुरणार आणि वर एक स्मारक बांधणार. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

मंगळवारी ती नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन थडकली. खिडकीमागची कारकून मुलगी नम्र होती, त्यामुळे आणखीच राग आला.

"मॅडम, दगडावर नाव आहे ताम बाक-हुंग. चिनी जाणणाऱ्याकडून आम्ही वाचून घेतलंय. तुम्ही आणलेल्या मृत्यूच्या दाखल्यावर आहे ली वा-गिम. मी काय करू?"

"तुमच्या वहीत कोण आहे ते बघा."

मुलीनं कब्रस्तानाची जुनी वही फिरवून तिच्यापुढे धरली. ‘चिनी’. त्याखाली ‘चिनी’. एकतीस ओळी, एकतीस वेळा तोच शब्द.

"माणसाला नाव असतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं?"

"माझ्या जन्माआधीची वही आहे, मॅडम. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं कुणी सभेत शपथेवर सांगितलं तर दावा घेता येईल. गुरुवारनंतर नाही."

एवढीच अट होती, आणि नेमकं तेच, बाप गेल्यापासून अठ्ठेचाळीस वर्षं, त्या घरात कुणी बोललं नव्हतं. बाप आला तेव्हा चिनी माणसाला या देशाचं दार बंद होतं. इथल्या नागरिकाचा मुलगा असलात तरच आत. म्हणून लोक कागद विकत घेत आणि कुणा अनोळखी माणसाचे न जन्मलेले मुलगे होत. ताम बाक-हुंग असाच ली वा-गिम झाला. बंदरावरच्या कोठडीत साहेबांनी त्याला तीन आठवडे पिळलं. तुझ्या घरापासून विहीर किती पावलांवर? गल्लीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? कधी न पाहिलेल्या गावाची उत्तरं त्यानं घडाघडा म्हटली आणि सुटला. पुढे अठ्ठावीस वर्षं गावाचे शर्ट इस्त्री केले, ते ली म्हणून. मेल्यावर मात्र दगडावर चिनी अक्षरांत खरं नाव कोरायचं, ही त्या सगळ्यांचीच रीत होती. साहेबाला चिनी येत नाही, या भरवशावर. जिवंतपणी जे लपवलं ते उघड्यावर कोरून ठेवायचं, एवढी एक चूक त्यांनी हौसेनं केली.

सभेत बोलणार असं तिनं सॅन होजेच्या धाकट्या भावाला, विंग-केला कळवलं होतं. त्याच रात्री जेवण होतंय तोच त्याचा फोन आला.

"गा-जे, अगं ताई, तुला वेड लागलंय का? बाबांनी मरताना काय सांगितलं होतं? बहिणीनं तोंड उघडलं नाही तर भावाचं घर टिकेल."

"आपण दोघं इथं जन्मलोय. आता कुणाला पकडणार ते? हाडांना?"

"माझी सरकारी नोकरी आहे! उद्या कुणी उकरून काढलं की याचा बाप खोटा होता—"

"बाप खोटा नव्हता रे. कागद खोटा होता."

"दहा वर्षं सांगतोय, इकडे ये. इथं भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळे आपले. त्या ओसाड गावात तुझं आहे तरी कोण?"

"बाप आहे."

"मग त्यांनाही घेऊन ये. हाडं काढ, पेटीत घाल, गुपचूप इकडे आण."

"त्यालाही हाडं कुणाची ते सांगावंच लागतं, शहाण्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला भावाचा राग आला, आणि त्याहून बापाचा. जाताना पोरांच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली बरोबर घेऊन गेला होता.

गुरुवारी तिनं स्प्रिंग रोल नेले नाहीत. दाखला नेला. चौथा विषय, म्हणजे तो अहवाल, निघाला, पडद्यावर नकाशे आले, थंडीचे आकडे आले, विमानांचे आले. मग अध्यक्ष प्रेस्कॉट हसऱ्या तोंडानं म्हणाले, "आता आपल्या लाडक्या मिस ली सांगतील, त्यांच्या लोकांना काय हवंय."

"नकाशा बघून कुणी येत नाही," यूक-लिन म्हणाली. "आपलं माणूस असतं तिथं माणूस येतो. नदीजवळच्या गल्लीत आमच्या मंडळाचं घर होतं. नवा आलेला तिथं तीन रात्री झोपायचा, भात खायचा, चौथ्या दिवशी कामाला लागायचा. ती अख्खी गल्ली तुम्ही पाडलीत. कशाला? तर खेळ बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला. लोक गेले. ज्यांना जाता येत नव्हतं ते एकतीस जण राहिले. आता त्यांनाही उठवताय, कारण आम्ही यावं म्हणून रस्ता करायचाय! लाज कशी वाटत नाही?"

"मिस ली, तो सातवा विषय आहे. आत्ता चौथा चाललाय."

"बरं. सातव्यापर्यंत मी इथंच उभी राहते."

आणि ती राहिली. पाचव्या विषयात रस्त्यावरचे दिवे झाले, सहाव्यात कुत्र्यांचे परवाने. गुडघे ठणकत होते, पण खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही. सातवा विषय पुकारल्यावर तिनं हात वर केला आणि शपथ घेतली. "ताम बाक-हुंग आणि ली वा-गिम एकच. तो दुसऱ्याच्या कागदावर या देशात आला. तो माझा बाप."

"त्यांनी सरकारला फसवलं, असं तुम्ही शपथेवर सांगताय. कळतंय ना?"

"कळतंय. लिहून घ्या."

ती कचेरीतलीच कारकून मुलगी शेजारी बसून लिहीत होती. प्रेस्कॉटनी घड्याळ पाहिलं. "एक दावा मान्य. उरलेली तीस बेवारस म्हणून—"

"थांबा," यूक-लिन म्हणाली. "आणखी फॉर्म द्या."

त्या तिसांना कुणी नव्हतं. बायकांना आणायला कायद्याची बंदी होती; ती उठली तेव्हा यांचं वय उलटून गेलं होतं. इस्त्रीपाशी म्हातारे झाले आणि मेले. दर छिंग मिंगला आई तिला प्रत्येकापुढे दारूचा पेला ओतायला लावायची आणि नाव मोठ्यानं म्हणायला लावायची. नाव चुकलं की पाठीत धपाटा बसायचा. एकही नाव ती विसरली नव्हती.

"चिन येऊ-फाट," तिनं सांगितलं.

"नातं?" मुलीनं विचारलं.

"मुलगी."

मुलीची लेखणी थांबली. मग तिनं लिहिलं. दुसरा फॉर्म घेतला.

"हुई सिक-लाम."

"नातं?"

"मुलगी."

"हे उघड उघड खोटं आहे!" प्रेस्कॉट उठून उभे राहिले.

"मग खरं काय ते तुम्ही दाखवा," ती ओरडली. इतकं मोठ्यानं ती या गावात आजवर बोलली नव्हती. "कोण होते, कुणाचे होते, काढा तुमच्या वहीतून! माझ्या बापाला परक्याचा मुलगा होऊन तुमच्या दारात उभं राहावं लागलं. मी यांची मुलगी होऊन उभी आहे. घाला तुरुंगात."

प्रेस्कॉटनी नगरपालिकेच्या वकिलाकडे पाहिलं, वकिलानं समोरच्या कागदांकडे. कारकून मुलीनं तिसरा फॉर्म पुढे ओढला.

"नाव, मॅडम?"

"मोय गुआन-सेक."

"नातं?"

"मुलगी," यूक-लिन म्हणाली. "आणि खुर्ची द्या आता. अजून सत्तावीस आहेत."