गैरहजर समजण्यात येईल

मुर्री गावच्या डोंगरवारांच्या घरी त्या सकाळी लॅपटॉप सोडून सगळं शहाण्यासारखं चालू होतं. भिंतीवरच्या वायफायच्या डब्याचे हिरवे दिवे तर लग्नघरासारखे लुकलुकत होते. लॅपटॉपही तसा चालूच होता. फक्त वायफाय नावाची काही वस्तू जगात असते, हे तो साफ विसरला होता.

हा विसर भूपेंद्रनं पाडला होता. आई मनकर्णाबाईंची सुनावणी, ऐन वेळी यंत्र अडकलं तर काय घ्या, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यानं मोठ्या हौसेनं त्याची 'रिकव्हरी' केली. लॅपटॉप दुकानातून आणला होता तसा कोरा झाला. जुनी घाण गेली, नको ते प्रोग्राम गेले, आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यातलं वायफायचं चिन्हही गेलं.

सुनावणी होती मनकर्णाबाईंच्या माहेरच्या बोडीची. नवेगाव बांधच्या पलीकडे त्यांच्या आज्यानं पाळ घालून बांधलेलं ते लहानसं तळं. त्याच्या पाण्यावर अजून आठ-दहा घरांचा धान पिकतो. माहेरच्याच गावचा चुन्नीलाल आता फुलचूरला राहून प्लॉट विकायचा. नवेगाव बांधच्या मोठ्या तलावावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याला बोडीच्या जागी बंगले हवे होते, आणि म्हणून कागदावर तिला 'नैसर्गिक खड्डा' ठरवणं चाललं होतं. तळं बुजवलं तर लोक बोंबलतात; खड्डा बुजवणाऱ्याचे आभार मानतात. बाकी हिस्सेदारांनी सह्या करून टाकल्या होत्या. हरकत उरली होती एकट्या मनकर्णाबाईंची.

नोटीस मोठी मायाळू होती. सुनावणी दूरदृश्य पद्धतीनं होईल, कोणी प्रत्यक्ष येऊ नये, आल्यास गैरहजर समजण्यात येईल. मोबाईलवरून हजर राहिल्यासही गैरहजर समजण्यात येईल. थोडक्यात, कॉम्प्युटरसमोर बसलेला तेवढाच माणूस. आणि जो गैरहजर, त्याचं म्हणणं नाही असं धरून निकाल.

सुनावणी दुपारी बाराला. भूपेंद्रनं दुकानदाराला फोन लावला. वायफायचा ड्रायव्हर उडाला, असं निदान झालं. ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपला त्याच्याच पोटातल्या वायफायची ओळख करून देणारा प्रोग्राम. तो कंपनीच्या साईटवरून उतरवून घ्या, म्हणे. साईट उघडायला इंटरनेट लागतं, हे भूपेंद्रनं नम्रपणे कळवलं. मग आधी ड्रायव्हर टाका, असं तितकंच नम्र उत्तर आलं.

मनकर्णाबाईंना यात नवल वाटलं नाही. वारसाच्या दाखल्यासाठी त्या याच रस्त्यानं फिरून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, डब्यातून सरळ वायर ओढून याच्यात खुपसता येत नाही का? येत नव्हती. लॅपटॉप इतका सडपातळ घेतला होता, की त्याला त्या वायरीचं भोकच नव्हतं.

हताश होऊन भूपेंद्रनं मुर्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, कोणाकडे तासाभरासाठी लॅपटॉप मिळेल का. लॅपटॉप मिळाला नाही. चुन्नीलाल मिळाला. प्लॉटच्या जाहिराती टाकायला तोही त्या ग्रुपवर होता; आता पाव किलो बालूशाही घेऊन स्वतः दारात.

मनकर्णाबाई त्याच्या गावची लेक, म्हणून तो त्यांना आत्याबाई म्हणायचा आणि पायाही पडायचा. पाया पडून झाल्यावर त्यानं लॅपटॉपकडे असं पाहिलं, जसं मयताला आलेले लोक पाहतात.

"आत्याबाई, मशीनच नाही म्हणून राहिली, त तुमी कायले हट्टाले पेटल्या? एका खड्ड्यासाठी?"

"तू च्या घे."

त्यानं चहा घेतला आणि उदार झाला. फुलचूरच्या त्याच्या ऑफिसात एसी होता, मोठा कॉम्प्युटर होता, गाडी बाहेर उभीच होती. आत्याबाईंनी तिथं बसून खुशाल हजर राहावं.

"ज्याच्याविरुद्ध बोलाचं, त्याच्याच खुर्चीवर बसून बोलू का रे?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "बालूशाही घेऊन जाय. गोड खाल्लं का माह्या आवाज बसते."

तो हसत उठला. दिसल्या त बोलू पडद्यावर, असं म्हणून गेला. त्यातल्या 'दिसल्या त'वर त्यानं चांगलाच जोर दिला होता.

इतका वेळ रीता, भूपेंद्रची बायको, भाजी चिरत होती. विळीवरची नजर न उचलता तिनं सुचवलं, की मोबाईल चार्जिंगच्या वायरीनं लॅपटॉपला जोडला तर मोबाईलचं नेट त्यात जातं, बी.एड. तिनं तसंच केलं होतं. भूपेंद्र म्हणाला, त्यालाही ड्रायव्हर लागत असेल. ती म्हणाली, लावून तर पहा. लावलं. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू केलं. लॅपटॉपनं डोळे उघडले.

प्रश्न सुटला असं घरात कोणाला वाटलं असेल तर ते लवकरच दुरुस्त झालं. एक तर घरात मोबाईल एकच, भूपेंद्रचा, आणि त्याला तो घेऊन राईस मिलच्या ड्युटीवर निघायचं होतं. म्हणजे तो निघायच्या आत ड्रायव्हर उतरवणं आलं. आणि साईटनं पहिलाच प्रश्न केला: मॉडेल कोणतं?

लॅपटॉप पालथा केला. पाठीवरचं स्टिकर होतं. त्यावर अक्षर एकही नव्हतं.

दसऱ्याला घरातली सगळी अवजारं मांडून पुजायची, ही डोंगरवारांची रीत. फाळ, विळे, कुदळ, शिलाई मशीन, आणि आता लॅपटॉप. बटणांत कुंकू जाऊ नये म्हणून रीतानं तो पालथा मांडला होता आणि पाठीवर ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं घासून पुसलं. स्वस्तिक गेलं, तसं मॉडेलही गेलं.

भूपेंद्रनं चेहऱ्यावरून ओळखून एक ड्रायव्हर उतरवला. हा या उपकरणासाठी नाही, असं लॅपटॉपनं सांगितलं. दुसरा उतरवला. लॅपटॉपनं तेच सांगितलं. भूपेंद्रनं हात गुडघ्यांवर ठेवले.

"राहू दे आई. पुढची तारीख मागू."

"पुढच्या तारखेपर्यंत बोडी राहीन का?" मनकर्णाबाई पुढं सरकल्या. "लॅपटॉपलेच इचार न. सोताचं नाव त्याले ठाऊक असंन का नाही?"

रीता हसली. भूपेंद्र हसणार होता, तेवढ्यात त्याचा चेहरा बदलला. त्यानं शोधाच्या रकान्यात 'सिस्टिम इन्फर्मेशन' टाइप केलं. मॉडेल तिथं अख्खं लिहिलेलं होतं. लॅपटॉपला सकाळपासून ठाऊक होतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

खरा ड्रायव्हर उतरला, बसला, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा उठला, आणि कोपऱ्यात शेजाऱ्यांच्या वायफायची नावं ओळीनं उभी राहिली. त्यांत आपलंही होतं. पासवर्ड टाकून भूपेंद्र मोबाईल घेऊन मिलकडे पळाला.

बाराला पडद्यावर चौकटी उघडल्या. एकीत सुनावणी घेणारे साहेब, एकीत त्यांचा बाबू, एकीत चुन्नीलाल. आत्याबाईंना पाहून तो पाया पडायचं विसरला.

त्यानं खड्ड्याचं निवेदन केलं. साहेबांनी मनकर्णाबाईंना विचारलं, बाई, नोंदीत तर खड्डाच दिसतो, तुमचं काय म्हणणं?

"साहेब, खड्डा आपोआप पडते. बोडी बांधा लागते. पाळ हाय, पाणी सोडाचं तोंड हाय, जास्तीचं पाणी जावाले सांडवा हाय. खड्ड्याले सांडवा कोण ठेवते?"

साहेबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. डोळेही हलेनात. मग चौकट काळी झाली. पाठोपाठ बाबूची गेली. साहेबांचं नेट गेलं होतं.

चुन्नीलाल थोडा थांबला. सुनावणी रद्द झाली वाटतं, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं स्वतःशी म्हणाला आणि निघून गेला. रीता म्हणाली, आपणही बंद करू या का? मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला.

"गैरहजर समजू म्हणून त्याहीनंच लिहिलं हाय. आता कोण गैरहजर हाय, ते पाहू."

त्या बसून राहिल्या. रीतानं समोर आणलेला वरणभात त्यांनी हातानंच बाजूला सारला. काळ्या चौकटीवरची नजर काढली नाही. भात निवला तेव्हा कुठे साहेब परत उगवले, घाम पुसत. पडद्यावर त्यांना एकच माणूस दिसला. नियम त्यांचाच होता. बाबूनं हजेरी वाचली: हरकतदार हजर, अर्जदार गैरहजर. जागेची पाहणी होईपर्यंत बोडीला कोणी हात लावू नये, असं साहेबांनी लिहवून घेतलं. लिहवताना शब्दही 'बोडी'च घातला.

संध्याकाळी भूपेंद्र घरी आल्यावर त्याच्या मोबाईलवर चुन्नीलालचा फोन आला. आवाज दुखावलेला होता. आत्याबाई, हा अन्याय झाला, नेट गेल्तं न, असं त्याचं म्हणणं.

"नेट साहेबाचं गेल्तं, बावा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तू काऊन गेला?"