ड्यूकने की ड्यूकला?

माझ्या सासूबाईंना नाटकातलं मरणसुद्धा चालत नसे. थट्टा नाही करत. आमचे हे, पद्माकर, निपाणीच्या शाळेत असताना एका नाटकात बाण लागून पडले. तर तुंगाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पदर खोचला, थेट स्टेजवर चढल्या आणि "ऊठ, घरी चल, असली अभद्र सोंगं नकोत" म्हणत मेलेल्या सेनापतीला दंडाला धरून घेऊन गेल्या. निपाणीत अजून लोक त्यावर हसतात.

एकोणीसशे एकोणसाठ साली ह्याच बाई आमच्याकडे बंगळूरला यायच्या होत्या, लग्नानंतर पहिल्यांदाच. मी पडले बंगळूरची. आमचं घराणं इथं पिढ्यान् पिढ्या, त्यामुळे बोलण्यात कानडी यायचीच. लग्नात मी त्यांना "स्वल्प थांबा", म्हणजे जरा थांबा, म्हटलं, आणि तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं की मुलगा हातचा गेला. त्यांनी पसंत केलेली मुलगी सोडून ह्यांनी मला केलं, तो राग वेगळाच. पण ह्यांनी कळवलं, "ऑफिसच्या क्लबचं इंग्रजी नाटक आहे, मी राजा झालोय," आणि काय आश्चर्य, बाई यायला तयार! मी राजाजीनगरचं आमचं दोन खोल्यांचं घर घासून पुसून लख्ख केलं. ह्या वेळी त्यांचं मन वळलं तर वळलं, नाहीतर जन्मभराचा अबोला, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नाटक तीनशे वर्षांपूर्वीचं. बसवत होते आमचे शेजारी नरसिंहराव, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. ह्यांच्याकडे ड्यूक, म्हणजे राजाच म्हणा. ऑफिसातले गुरुराज त्याचे कारभारी. तालमी आमच्याच पुढच्या खोलीत, कारण फुकटचा चहा करायला मी होते ना!

तर ड्यूक आणि कारभाऱ्याची लढाई होते ती पडद्यामागे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दूत धावत येऊन एवढंच सांगतो, "द ड्यूक द स्टुअर्ड स्लू." स्टुअर्ड म्हणजे कारभारी, स्लू म्हणजे ठार मारलं. तिसऱ्या अंकात नुसतं लिहिलेलं, 'विजेता प्रवेश करतो.' सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की मारलं ड्यूकने. आणि नाटकाच्या आदल्या दिवशी गुरुराजांना कंठ फुटला. "का म्हणून? मारलं मी!"

झालं, जुंपली. "माझं नाव आधी आहे," हे म्हणाले. "असू दे की. मारणं माझ्या नावाला चिकटलंय," गुरुराज म्हणाले. नरसिंहराव बिचारे चष्मा पुसत बसले. मी आत चहा गाळत होते. पण मी शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवणारी बाई! चुकीचं वाचलेलं ऐकून गप्प बसणं मला उभ्या जन्मात जमलेलं नाही.

किटली घेऊन तशीच बाहेर आले. "अहो, शेंबड्या पोरांसारखे भांडता काय! ह्या जुन्या नाटकवाल्यांना ओळीचा ताल सांभाळायचा असे, म्हणून शब्द हवे तिथे बसवायचे. क्रियापद आपल्यासारखं शेवटी नेलं. पण आपल्याकडे 'ने' आणि 'ला' आहेत. शब्द कुठेही ठेवा, मारणारा कोण आणि मेला कोण ते कळतं. इंग्रजीत ते नाहीत, म्हणून तुमचा हा घोळ."

"मग कळायचं कसं?" हे वैतागले.

"पुढची ओळ वाचा."

नरसिंहरावांनी वाचली. "हिम मोर्न वी, हू फेड अस. सोपं आहे. तो आपल्यासाठी शोक करतो. म्हणजे पश्चात्ताप झालेला ड्यूक."

"चूक! 'ही' कुठाय तिथे? 'हिम' आहे. ह्या एवढ्याशा सर्वनामांनीच काय तो प्रत्यय जपून ठेवलाय. 'हिम' पहिला बसला म्हणून कर्ता होत नाही. कर्ता 'वी', म्हणजे आम्ही. ज्याने आम्हाला पोसलं, त्याच्यासाठी आम्ही रडतो. आता सांगा, प्रजेला पोसतो कोण?"

"राजा!" गुरुराज आनंदाने ओरडले. "म्हणजे मेला ड्यूक!"

नरसिंहरावांनी टाळ्या वाजवल्या. मी अशी फुगले म्हणता! मग ह्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि माझा जीव धसकला. उद्या सकाळी सासूबाई येणार, आणि मी त्यांच्या मुलाला मारून ठेवलं होतं.

"नरसिंहराव, राहू द्या ना पहिल्यासारखंच," मी रडकुंडीला आले.

"अर्थ कळल्यावर? छे! आणि तूच तर दाखवलास," ते म्हणाले. मास्तर माणूस, हटेचना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या रांगेत सासूबाई आणि शेजारी मी. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून कानाशी लागून सगळं मराठीत सांगायचं काम माझं. दोन अंक बरे गेले. ह्यांच्या लाल शालीचं बाईंना भारी कौतुक. मग दूत आला, धापा टाकत वाक्य म्हणाला.

"काय म्हणाला?" सासूबाईंनी माझा हात धरला.

"ड्यूक... कारभारी... मारलं."

"कुणी? कुणाला? नीट बोल की!"

इंग्रजीत बरं असतं हो, दोन नावं शेजारी ठेवून मोकळं होता येतं. मराठीत कुठलं? 'ने' आणि 'ला' लावल्याशिवाय सुटका नाही. खरं काय ते तर मीच काल ठासून सांगितलं होतं. पलीकडच्या खुर्चीत ह्यांचे साहेब बसलेले, स्टेजच्या पायऱ्या चार हातांवर.

"ड्यूकने कारभाऱ्याला," मी म्हणाले.

"बरं झालं. मेल्याचं लक्षण मला आधीपासून बरं दिसत नव्हतं."

तिसरा अंक उघडला. प्रजा रडत होती. "ह्यांना काय झालं?" बाईंनी विचारलं.

"कारभाऱ्यासाठी रडतायत. तसा स्वभावाने बरा होता."

तेवढ्यात ह्यांचीच लाल शाल पांघरून गुरुराज सिंहासनावर येऊन बसले. "अगं, हा मेला होता ना?"

"त्याचा जुळा भाऊ आहे हा."

"आणि माझा पद्माकर कुठाय?"

"ते... काशीला गेलेत."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. आता उठतात, असं वाटलं मला. पण त्यांनी पदर सारखा केला आणि पडदा पडेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

बाहेर आलो तर हे तोंडाला फासलेला रंग तसाच घेऊन जटका, म्हणजे टांगा, ठरवायला धावले होते. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काय गं, इंग्रज राजा काशीला जातो होय?"

मी जटक्याकडे बघायला लागले.

"मला इंग्रजी येत नाही, पण मी खुळी नाही. सगळं गाव रडतंय आणि माझा मुलगा तेवढा दिसत नाही. काय झालं ते कळत नाही होय मला?"

"मग तुम्ही उठला कशा नाहीत?"

"उठणारच होते. पण तुझा हात माझ्या हातात होता, तू घट्ट आवळून धरलेला. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत माझ्या पोराला मेला म्हणायला एक तुझीच जीभ रेटली नाही. म्हटलं, हिच्याजवळ असेल तर असू दे. सुखरूप आहे."

मला आवरेचना. भर रस्त्यात, ऑफिसच्या साऱ्या बायकांसमोर, मी हुंदके देऊन रडायला लागले. तिकडून हे हातवारे करत ओरडायला लागले, "आई, चला लवकर! जटकेवाला जातो म्हणतोय!"

सासूबाईंनी आपल्या पदराने माझे डोळे पुसले आणि तिथूनच ह्यांना दटावलं. "स्वल्प थांब रे! सून रडतेय माझी."