पहिल्या गिअरमधली थरथर

गाडी ताब्यात देताना शोरूमच्या माणसाने सांगितलं होतं, “क्लचवर पाय ठेवून चालवू नका, प्लेट जाते.” मी तेव्हा माझ्या लेकीच्या, ईशाच्या तोंडातून बोनेटवरची रिबन सोडवत होते. शिवाय हे सांगायचं कुणाला, तर आबांना? माझे सासरे, भिवा आबा, एसटीत ड्रायव्हर होते. अख्खी नोकरी घाटात गेली त्यांची. “हो हो,” म्हणून मी विषय संपवला.

नवरा, अमरदीप, मुंबईला नोकरीत. पालीच्या घरात आबा, मी आणि बालवर्गात जाणारी ईशा. सकाळी माझ्या शिकवण्या असायच्या, म्हणून आबा तिला गाडीने हातखंब्याच्या शाळेत सोडायचे. दुपारी आणायला मी. त्यामुळे गाडीने जरा वेगळा आवाज केला तरी मी लगेच कान टवकारायचे.

दिवाळीनंतर थरथर सुरू झाली. घरासमोरच्या चढावर पहिला गिअर टाकून क्लच सोडला की सगळी गाडी कापायची, जरा पुढे गेली की शांत.

“आई, गाडीला थंडी वाजते,” ईशा म्हणाली.

अमरदीप फोनवर म्हणाला, “नवी आहे, सेट होईल.” मला ते पटलं नाही. ज्या गाडीत आपलं मूल रोज बसतं ती आपोआप सेट होईल म्हणून कसं सोडायचं?

रविवारी आबांनी मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

“घाबरू नको गो. एकेक बाजूला काढत जायचं. उरेल तो चोर. न्यूट्रलला ठेव, नि दाब अ‍ॅक्सिलरेटर.”

इंजिन घुमलं. थरथर नाही.

“इंजिन नाय. चल हायवेला.”

हायवेवर गाडीने वेग घेतल्यावर म्हणाले, “आता क्लच दाब, पळू दे तशीच.” गाडी लोण्यासारखी पळाली. “म्हणजे चाकं नाय, शाफ्ट पण नाय.”

परत येऊन चढावर गाडी थांबवायला लावली. पहिला गिअर, क्लच हळूहळू वर. गाडी कापायला लागली. रिव्हर्समध्येही तेच.

“क्लच,” आबा म्हणाले. “नव्या गाडीत क्लच जातो म्हणजे कोणतरी पाय ठेवून चालवतंय.” आणि माझ्याकडे बघितलं.

मलाही तसंच वाटलं. मी गाडी शिकले त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. रत्नागिरीच्या वर्कशॉपमध्ये गौरव नावाच्या मेकॅनिकने प्लेट काढून दाखवली. ती तापून तापून काचेसारखी चकाकत होती.

“मॅडम, गिअर पडला की पाय खाली घेत जा.”

“ऐकलंस ना?” आबा खुशीत म्हणाले. “एसटीत असतीस तर डेपो मॅनेजरने पाणी पाजलं असतं तुला.”

नवी प्लेट बसली. मी इतकी सांभाळून चालवायला लागले की गिअर टाकल्यावर डावा पाय जमिनीवर आपटायचे. थरथर गेली. पण काही आठवड्यांनी अंगणात करपल्याचा वास येऊ लागला. आणि तो सकाळीच यायचा, आबा परतल्यावर. दुपारी मी गाडी आणून लावली की वास नसायचा. दोन-तीनदा मुद्दाम बोनेटपाशी जाऊन हुंगून बघितलं. उरलं कोण, ते कळत होतं. पण अख्खी हयात बस चालवलेल्या माणसाला हे सांगणार कसं?

एकदा शिकवणीला सुट्टी दिली आणि “हातखंब्याला काम आहे” म्हणून त्यांच्या शेजारी बसले. मागे ईशा गाणं म्हणत होती. सरळ रस्ता, गाडी चौथ्या गिअरमध्ये. आबांचा डावा पाय क्लचवर होता आणि पेडल थोडं दबलेलं होतं.

“आबा, पाय.”

“काय पाय?”

“क्लचवर आहे.”

“नाय.”

इतकं सहज म्हणाले की मलाच शंका आली. मग त्यांनी खाली बघितलं. गुडघा उचलून पाय बाजूला ठेवला, अगदी हळू ईशाच्या शाळेपर्यंत गेले, तिला फाटकात सोडून आले. सीटवर आडवे बसून, पाय दाराबाहेर काढून त्यांनी चपला उतरवल्या.

“मी डोळे मिटतो. तू बोट लाव. कुठं लावलंस ते सांगतो.”

मी डाव्या अंगठ्याला बोट लावलं.

“लाव ना.”

“लावलंय, आबा.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “उजवा बघ.”

उजव्या अंगठ्याला लावलं. जरा थांबून म्हणाले, “करंगळी?”

मी नाही म्हटलं. याच पायाने ते ब्रेक दाबत होते. शाळेच्या आतून मुलांचा गलका ऐकू येत होता. आबांनी चपला घातल्या, उजवीकडची खाली बघून पुन्हा नीट घातली, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

“चल. तू चालव.”

तिथून मी त्यांना थेट दवाखान्यात नेलं. शुगर त्यांना बऱ्याच वर्षांपासून आहे. गोळी आठवेल तेव्हा घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, पायाच्या नसा इतक्या हळूहळू बधिर होतात की माणसाला पत्ताच लागत नाही. डाव्या टाचेखाली एक जखम निघाली, बरीच जुनी. ती कशाने झाली ते आबांना सांगता येईना. गाडी चालवणं बंद, डॉक्टर म्हणाले, निदान सध्या तरी.

त्या संध्याकाळी आबांनीच अमरदीपला फोन केला. “गाडी बरी हाय रे. ड्रायव्हर गॅरेजात घातलाय.” आणि फोन माझ्याकडे देऊन मागीलदारी जाऊन बसले.

आता शिकवण्यांची वेळ बदलून ईशाची ने-आण दोन्ही वेळा मीच करते. आबा शेजारी बसतात, गिअर कधी बदलायचा ते सांगतात. रोज संध्याकाळी मी त्यांचे तळवे बघते. आधी पाय मागे घ्यायचे, आता स्वतःच पुढे करतात.

तुमच्या घरात, शेजारी, गावाकडे शुगर असलेलं कुणी गाडी चालवत असेल, तर त्यांना कसं वाटतंय असं विचारू नका. “मला काय झालंय?” म्हणतील, आणि ते खोटं बोलत नसतील. त्यांना आजच डोळे मिटायला सांगा आणि पायाच्या अंगठ्याला बोट लावून बघा.